खुर्च्या मांडणारी

क्लबात मला मिळालेलं पहिलं पद खुर्च्या मांडण्याचं होतं. कागदावर त्याला भारदस्त नाव आहे, सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे तुला बंदूक देणार का?" बंदूक नाही, एक कापडी पिशवी मिळाली. तिच्यात पितळी घंटा, लाकडी हातोडा, हजेरीची वही, दंडाचा पत्र्याचा डबा आणि सभासदांच्या नावांचे बेचाळीस बिल्ले. सभेच्या अर्धा तास आधी जायचं, खुर्च्या लावायच्या, दाराजवळच्या टेबलावर बिल्ले मांडायचे, येईल त्याचं हसून स्वागत करायचं आणि सगळे गेले की सगळं परत पिशवीत भरायचं. हे पद कुणालाच नको असतं, म्हणून ते नव्या सभासदाच्या गळ्यात पडतं.

क्लब कोणता ते सांगत नाही. रोटरी, लायन्स यांच्यासारखा दर आठवड्याला जमणारा समाजसेवेचा क्लब, एवढं पुरे. पुढे आमच्या चुका येणार आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्याच, आणि त्यांचा हिशेब कुणाच्या नावावर लागू नये.

मी तिथे पोचले ते एका खांद्यामुळे. मी फिजिओथेरपिस्ट. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आखडलेला खांदा घेऊन माझ्याकडे येत. हात वर नेताना कळ आली की ते क्लबाबद्दल बोलायला लागत, तेवढंच दुखण्यावरून लक्ष उडायचं. काही महिन्यांत त्यांचा खांदा मोकळा झाला आणि मला क्लबातली भांडणंसुद्धा पाठ झाली. शेवटच्या दिवशी म्हणाले, "मॅडम, एकदा येऊन तर बघा. नाही आवडलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

अशा क्लबात सहसा कुणीतरी बोट धरून नेतं. आधी पाहुणी म्हणून तीन सभांना बसायचं, मग ओळखीचा सभासद लेखी शिफारस करतो, मग नाव सगळ्यांना कळवून कुणाची हरकत आहे का म्हणून काही दिवस थांबतात. त्या दिवसांत मी रस्त्यात भेटेल त्याच्याशी विनाकारण गोड बोलत होते.

पहिल्या सभेने मात्र निराशा केली. ठरल्या मिनिटाला अध्यक्षांनी घंटा वाजवली. स्वागत, वाढदिवस, सचिवांच्या सूचना, मग दंड. एकाचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं म्हणून दंड, एक बिल्ला न लावता बसला म्हणून दंड, एकाने नवी गाडी घेऊन आठवडाभर कुणाला सांगितलं नाही म्हणून दंड. दंड भरणारे खूश, वसूल करणारे त्याहून खूश. मग पाहुण्या वक्त्याची वीस मिनिटं, तीन प्रश्न, आभार, पुन्हा घंटा. तासाभरात सेवेचा उल्लेख सचिवांच्या सूचनांमध्ये आला, तोही दोन वाक्यांत. सभा संपली तरी कुणी हलेना. सगळे घोळक्याने उभं राहून बोलत होते. याला क्लबात 'फेलोशिप' म्हणतात, आणि सभेच्या पत्रिकेत तिला स्वतंत्र वेळ असतो, हे पाहून मला हसू आलं होतं. गप्पा मारायला कुणी वेळ राखून ठेवतं का?

बाहेर पडताना मी बँकवाल्या काकांना (तोवर ते काका झाले होते) विचारलं, "तुम्ही दर आठवड्याला जमता कशासाठी?"

"भेटायला," ते म्हणाले.

उत्तर मला उडवाउडवीचं वाटलं. पण घरी आल्यावर थोडं वाचलं. या कुळातली सगळ्यांत थोरली ती रोटरी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तिघांना गोळा केलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. हॅरिस छोट्या गावात वाढलेला होता आणि एवढ्या मोठ्या शहरात त्याला गावाकडच्यासारखी घसट कुणाशी नव्हती. पहिली बैठक अभियंत्याच्या कचेरीत झाली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, त्या फिरतीवरूनच 'रोटरी' हे नाव पडलं. त्या बैठकांत समाजसेवेचा 'स' नव्हता. मैत्री करावी आणि धंद्यात एकमेकांना हात द्यावा, एवढंच. शहरासाठी काही करायची कल्पना १९०७च्या सुमारास आली, आणि पहिलं काम होतं सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी खटपट करणं. लायन्सची सुरुवातही १९१७ साली शिकागोतच झाली. विम्याचा व्यवसाय करणाऱ्या मेल्विन जोन्सला वाटू लागलं की नुसत्या धंद्याच्या ओळखींसाठी जमण्यापेक्षा त्या ओळखी गावाच्या कामी का आणू नयेत. म्हणजे या घराण्यात भेटणं आधी आलं आणि सेवा मागून. काकांचं उत्तर मग तितकंसं उडवाउडवीचं राहिलं नाही.

पुन्हा जावंसं वाटायला आणखी एक कारण होतं, माझ्या पेशातलं. शिकत असताना मी पोलिओने पाय गेलेली प्रौढ माणसं पाहिली आहेत. काडीसारखी पिंढरी, पायाला आधाराचा धातूचा कॅलिपर, आणि चाळिशी उलटल्यावर उरलेल्या बळानेही दगा द्यायला सुरुवात केलेली. १९८८ साली सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात मुलं पोलिओने पंगू होत होती. रोटरीने १९८५ सालीच पोलिओप्लस मोहीम हाती घेतली होती आणि पुढे आरोग्य संघटनांच्या जोडीने ती जगभर रेटली. माझ्या नंतर शिकलेल्या मुलींनी पोलिओचा ताजा रुग्ण फक्त पुस्तकात पाहिला आहे. चार एकट्या माणसांच्या गप्पांपासून तिथपर्यंतचा रस्ता कसा गेला असेल, हे कुतूहल घेऊन मी तिसऱ्या सभेला गेले.

सदस्यत्वाचा समारंभ पाच मिनिटांचा असतो. उभं करतात, उद्दिष्टं वाचून दाखवतात, शिफारस करणारा क्लबाच्या चिन्हाची पिन लावतो. पिन लावताना काकांचा दुरुस्त खांदा व्यवस्थित वर गेला, याचा मला पिनेपेक्षा जास्त आनंद झाला. पिनेवरून आठवलं. रोटरीत बायकांना सभासद करून घेत नसत. सभासदांच्या बायकांना 'अ‍ॅन' म्हणत आणि तिथेच विषय संपे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने तीन बायकांना सभासद केलं, म्हणून पुढच्या वर्षी त्या क्लबाची सनदच काढून घेतली गेली. क्लब बंद पडला नाही. पिनेवर फुली मारून ते जमत राहिले, आणि वाद गेला कोर्टात. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक त्या क्लबाच्या अध्यक्ष झाल्या. आमच्या क्लबात आज एक तृतीयांश बायका आहेत, आणि खुर्च्या मांडायचं काम नव्या बाईकडेच आलं, हेही खरंच. मी हे बोलून दाखवलं तेव्हा अध्यक्षांनी मागच्या पाच सार्जंटांची नावं वाचून दाखवली. पाचही पुरुष. त्या दिवशीचा दंड मला भरावा लागला.

पहिले दोन महिने मी खुर्च्या पूर्वीप्रमाणेच रांगेत लावल्या. दारात उभं राहून बघताना लक्षात आलं की माणसं बसच्या पासावर असल्यासारखी ठरलेल्या जागी जातात. डॉक्टर डॉक्टरांशेजारी, बांधकामवाले बांधकामवाल्यांशेजारी. जुने क्लब एका धंद्यातला एकच माणूस घेत, याला 'वर्गीकरण' म्हणत. त्यात धंद्यातली स्पर्धा दाराबाहेर राहावी हा हेतू होता, पण आपोआप असंही व्हायचं की प्रत्येकाला आपल्या कामातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाशीच बोलावं लागे. आता नियम सैल झाले आणि त्याबरोबर ती सक्तीही गेली.

म्हणून मी चिठ्ठ्या आणल्या. खुर्च्यांना क्रमांक लावले, दारात बिल्ला देताना चिठ्ठी उचलायला लावली, आणि खुर्च्या रांगेऐवजी घोड्याच्या नालेसारख्या मांडल्या. पहिल्या दिवशी बंडच झालं. "आम्हाला शाळेत घातलंय का?" असं एक डॉक्टर मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात खुद्द अध्यक्षांनी कुणाशीतरी चिठ्ठी बदलून घेतली. मी त्यांना दंड ठोकला आणि क्लबात मला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या.

पाचव्या का सहाव्या आठवड्यात चिठ्ठीने एका वकीलबाईंना आणि एका निवृत्त शिक्षकांना शेजारी बसवलं. एरवी ते कधी बोलले नसते. शिक्षकांच्या घरमालकांचा मुलगा दृष्टिहीन, महाविद्यालयात शिकणारा. त्याला पुस्तकं ऐकून अभ्यास करावा लागतो आणि वाचून दाखवणारं कुणी मिळत नाही, असं ते बोलता बोलता म्हणाले. वकीलबाई म्हणाल्या, "माझा आवाज कोर्टात फुकट जातोय, इथे वापरू." महिन्याभरात अकरा जण पुस्तकं ध्वनिमुद्रित करू लागले. १९२५ साली हेलन केलर यांनी ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात भाषण करून अंधांसाठी उभे राहा असं आवाहन केलं, तेव्हापासून ते काम त्या संघटनेचं झालं. आमच्याकडे ते दोन चिठ्ठ्यांवर झालं.

वाचणं सोपं असेल असं आम्हाला वाटलं होतं. पहिलाच भाग ऐकून त्या मुलाने विचारलं, "सर, 'आकृती तीन पाहा' म्हणालात. काय पाहू?" तोवर आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मग एक आर्किटेक्ट सभासद आकृत्या शब्दांत मांडून द्यायला बसला, आणि त्याला तो मुलगा दर वेळी फोन करून सांगायचा, "डावीकडचा बाण कुणाकडे जातोय ते राहिलं." तक्ते वाचताना आडवं वाचायचं की उभं, यावरून वकीलबाई आणि शिक्षक अजून भांडतात. दर आठवड्याला, शेजारी बसून. चिठ्ठी नसली तरी.

या यशाने मी थोडी फुगले होते, आणि तशातच रक्तदान शिबिर आलं.

खुर्च्यांची जबाबदारी अर्थातच माझी. नोंदणीला रांग, तपासणीला रांग, मग खाटा, आणि रक्त दिल्यावर दात्याने बसून काही पिण्यासाठी खुर्च्या. दालन भरलेलं दिसावं, गर्दी दारातूनच नजरेत यावी, म्हणून मी या शेवटच्या खुर्च्या थेट बाहेरच्या दाराजवळ लावल्या. दाते खाटेवरून उठत, लांब चालत तिथपर्यंत येत, आणि दार समोरच असल्याने निम्मे बसायच्या आतच बाहेर पडत. अकराच्या सुमाराला एक विशीतला मुलगा असाच पायरीवर गेला आणि कोसळला. रक्त दिल्यावर काहींचा रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं असतं. हे मी रुग्णांना खाटेवरून उठवताना रोज सांगते. "आधी बसा, पाय सोडा, मग उभे राहा." त्याला आडवं केलं, पाय उंच धरले, दोन मिनिटांत तो शुद्धीवर येऊन लाजला. कोपराला खरचटलं होतं तेवढंच. रक्तपेढीच्या परिचारिकेने मला काही म्हटलं नाही, फक्त एक खुर्ची उचलून खाटेशेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. उरलेल्या खुर्च्या मी उचलल्या.

संध्याकाळी आकडा मोजला. एकशे सदतीस बाटल्या, आम्ही अजूनही बाटल्याच म्हणतो, असतात पिशव्या. आमच्या क्लबाचा विक्रम. फोटो काढून झाल्यावर रक्तपेढीचे अधिकारी सामान आवरता आवरता म्हणाले, "चांगलं झालं. पण आज सुट्टी, आज सगळ्यांचीच शिबिरं. पुढच्या महिन्यात मला फोन करायला कुणी नसेल." मग त्यांनी सांगितलं ते आमच्यापैकी डॉक्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. एका पिशवीचे भाग वेगळे करतात. लाल पेशी थंडीत साधारण पाच-सहा आठवडे टिकतात, पण बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस, त्याही सतत हलवत ठेवून. एकाच दिवशी आलेलं भरमसाट रक्त म्हणजे आज साठवायला जागा नाही आणि दीड महिन्याने कपाट रिकामं.

पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये यावर जे भांडण झालं, त्याला फेलोशिप म्हणणं जड जाईल. एक गट म्हणे, वर्षातून एकच मोठं शिबिर, आकडा दिसला पाहिजे, वरच्या अहवालात तोच जातो. दुसरा म्हणे, चार छोटी करू, मधल्या कोरड्या दिवसांत. "आकडा हवाय की रक्त?" असं बँकवाले काका म्हणाले आणि खजिनदार उठून बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि चार शिबिरांचा खर्च मांडून दाखवला. तेच, जे विरोधात होते. ही माणसं दर आठवड्याला एकमेकांना गाडीवरून नि केस कापल्यावरून दंड करत नसती, तर ते परत आले असते की नाही, मला शंका आहे. त्या वर्षी चारही शिबिरं झाली. एकाचंही फोटो घेण्याजोगं चित्र नव्हतं. मी प्रत्येक बिल्ल्याच्या मागे रक्तगट लिहून ठेवला. पुढे दोनदा रात्री फोन आला, तेव्हा यादी शोधावी लागली नाही, बिल्ल्यांची पिशवी उलटी केली.

बिल्ल्यांची आणखी एक गंमत आहे. सभा सुरू झाली की टेबलावर जे उरतात, ते न आलेल्यांचे. मला हजेरीची वही उघडावी लागत नसे. एक बिल्ला सलग तिसऱ्या आठवड्यात उरला. सत्तरी ओलांडलेले, क्लबाच्या स्थापनेपासूनचे, चष्म्यांच्या व्यवसायातले एक काका. सभा न चुकवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. परगावी गेले तर तिथल्या क्लबात बसून हजेरी भरून काढत. फोनवर म्हणाले, "जरा कंटाळा आलाय." मला ते पटलं नाही, म्हणून बिल्ला घेऊन घरी गेले.

गेल्या काही सभांत ते मान डावीकडे वळवून बसतात, हे मी पाहिलं होतं. मानेचा त्रास असणार, असं मनाशी निदानही करून टाकलं होतं. घरी समोरासमोर बसले तेव्हा तीच मान, तसाच कोन. मी व्यायाम सांगायला लागले, तर मला थांबवून म्हणाले, "मान ठीक आहे गं. डावा कान गेलाय. उजवा पुढे करावा लागतो." दोन वर्षं झाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीत बसलं की वक्ता बरोबर उजव्या कानाच्या बाजूला येई आणि सगळं ऐकू येई. ती खुर्ची त्यांनी शोधून, पारखून ठेवली होती. ती मी चिठ्ठ्या घालून काढून घेतली होती. एकदा मागे, एकदा पंख्याखाली, एकदा नालेच्या उजव्या टोकाला. सगळे हसतात तेव्हा आपण उशिरा हसतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी यायचं सोडलं.

"मग सांगायचं ना, काका!"

"तुझ्या चिठ्ठ्या चांगल्या चालल्या होत्या," ते म्हणाले.

घरी परतताना मी विचार करत होते तो माफीचा नव्हता, ती मागून झाली होती. प्रश्न होता त्यांना ती खुर्ची परत कशी द्यायची, तीही कारण न सांगता. त्यांच्यासाठी म्हणून राखीव ठेवली असती तर त्यांनी तिच्यावर बसायचं नाकारलं असतं. पुढच्या सभेत मी जाहीर केलं की दंडाचा डबा सांभाळायला मला माणूस हवा, एकटीला झेपत नाही. डबा ठेवला पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर. डबेवाल्याला चिठ्ठी नाही, त्याने डब्यापाशीच बसायचं. काकांचं नाव मी सुचवलं, सगळ्यांनी उचलून धरलं. ते माझ्याकडे बघत उठले, डबा मांडीवर घेतला आणि पहिला दंड मलाच केला, सभासदाला कामाला लावल्याबद्दल. आता त्यांना इतकं ऐकू येतं की वक्त्याने बोलता बोलता एखादा आकडा चुकवला तर त्यालाही दंड होतो. पाहुण्याला दंड करू नये, असा ठराव आम्हाला करावा लागला.

१ जुलैला नवं वर्ष सुरू होतं, पदं बदलतात. मी पिशवी पुढच्या सार्जंटच्या हातात दिली. सव्वीस वर्षांचा मुलगा, संगणकवाला, चार सभा जुना. घंटा, हातोडा, बिल्ले मोजून दिले. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याच्यासाठी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. रक्तदानाच्या खुर्च्या खाटांना लागून, दारापासून लांब. दंडाचा डबा पहिल्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर.

त्याने वाचलं आणि विचारलं, "ताई, डबा टेबलावर ठेवला तर नाही चालणार?"

"नाही," मी म्हटलं, आणि खुर्च्या उचलायला त्याच्याबरोबर गेले.